कॅमेऱ्यापुढें उभा राहिलेला काळा माणूस

१७८७ सालीं इंग्लंडांतील मातीच्या भांड्यांचे प्रसिद्ध कारखानदार जोसाया वेजवुड यांच्याकडे एक लहानशी मुद्रा तयार झाली. साखळदंडांनीं जखडलेला एक काळा पुरुष एक गुडघा टेकून, हात जोडून वर पाहत आहे, असें चित्र तिच्यावर उठविलेलें आहे. कडेनें इंग्रजी अक्षरांत एक प्रश्न आहे : मी माणूस नव्हें काय, तुमचा बंधु नव्हें काय? गुलामांचा व्यापार बंद व्हावा म्हणून झटणाऱ्या मंडळींचें हें चिन्ह. तें इतकें लोकप्रिय झालें कीं, थोरामोठ्यांच्या घरच्या स्त्रिया तें कंकणांत आणि केसांच्या आंकड्यांत बसवूं लागल्या. मंडळींचा हेतु निःसंशय चांगला होता. तरी चित्र नीट न्याहाळलें म्हणजे एक गोष्ट खटकते. आपण माणूस आहों हें विचारण्यासाठीं सुद्धां काळ्या माणसाला आधीं गुडघा टेकावा लागत होता, आणि त्याच्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा अधिकार वरून खालीं पाहणाऱ्याकडे होता.

ह्या मुद्रेनंतर बावन्न वर्षांनीं छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला, आणि तोच प्रश्न कॅमेऱ्यापुढें येऊन ठेपला. काळ्या पुरुषानें चित्रांत कसें दिसावें आणि तें ठरवावें कोणीं? अमेरिकेंत ह्या प्रश्नाची सोडवणूक अद्याप चालूच आहे.

फ्रेडरिक डग्लस हे मेरिलंड प्रांतांत गुलाम म्हणून जन्मले आणि १८३८ सालीं खलाशाचा वेष घेऊन उत्तरेकडे निसटले. पुढच्याच वर्षीं पॅरिस येथें दागेर यांच्या छायाचित्रणाच्या युक्तीची घोषणा झाली. ह्या दोन घटनांचा एकमेकींशीं कांहीं संबंध नव्हता; डग्लस यांनीं मात्र तो जन्मभर जोडला. त्यांचीं निरनिराळीं अशीं निदान १६० छायाचित्रें आज ज्ञात आहेत. अब्राहम लिंकन यांचींहि इतकीं नाहींत. एकोणिसाव्या शतकांत ज्या अमेरिकनाचीं सर्वांत अधिक छायाचित्रें निघालीं तो गृहस्थ पळून आलेला गुलाम होता, हें प्रथम ऐकणाऱ्याला खरें वाटत नाहीं.

ही कांहीं नुसती हौस नव्हती. त्या काळीं अमेरिकेंतील रंगभूमीवर गोरे नट तोंडाला जळक्या बुचाची काजळी फांसून काळ्या माणसांचीं सोंगें आणीत, आणि लोक पोट धरधरून हंसत. वर्तमानपत्रांतील चित्रकार जाड ओठ आणि बटबटीत डोळे काढून मोकळे होत. गोऱ्या चित्रकाराच्या हातून काळ्या माणसाचें निःपक्षपाती चित्र उतरणें जवळजवळ अशक्यच, कारण चेहरा पाहण्याआधींच तो कसा असावयाचा हें त्याच्या मनांत ठरून गेलेलें असतें, अशी तक्रार डग्लस यांनीं १८४९ सालींच आपल्या पत्रांत केली होती. कॅमेऱ्याच्या भिंगाला असें मन नाहीं, ही त्यांची आशा. १८६१ सालीं बोस्टन येथें त्यांनीं चित्रें ह्याच विषयावर व्याख्यान दिलें. पन्नास वर्षांपूर्वीं राजांनाहि विकत घेतां आलें नसतें असें स्वतःचें चित्र आज एखादी गरीब मोलकरीणहि जवळ बाळगूं शकते, असें त्यांनीं त्यांत सांगितलें.

म्हणून त्यांच्या छायाचित्रांत कांहींच सहज घडलेलें नाहीं. गडद कोट, कडक गळपट्टी, मागें वळविलेले दाट केस, आणि भिंगाला जणुं जाब विचारणारी नजर. हास्य जवळजवळ कोठेंच नाहीं. हंसऱ्या, नाचऱ्या, मालकाच्या दारीं सुखी असलेल्या गुलामाचें चित्र गुलामगिरीच्या कैवाऱ्यांना फार प्रिय होतें; त्यांना तें आयतें मिळूं द्यावयाचें नाहीं, हा ह्या गंभीरपणाचा अर्थ. सोळा वर्षांच्या वयांत, गुलामांना वठणीवर आणण्याचा धंदा करणाऱ्या एका गोऱ्याशीं आपण दोन हात केले आणि त्या दिवसापासून मनानें आपण पुरुष झालों, असें डग्लस यांनीं आपल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे. तो दिवस पाहावयाला कॅमेरा नव्हता. पण त्यांचीं पुढचीं छायाचित्रें पाहतांना तो आठवल्यावांचून राहत नाहीं.

तथापि कॅमेरा हा कोणाचाच सोयरा नव्हे. १८५० सालीं, म्हणजे डग्लस कोट घालून भिंगापुढें बसत होते त्याच काळांत, साउथ कॅरोलायनांतील कोलंबिया शहरीं जोसेफ झीली नांवाच्या फोटोग्राफरकडे कांहीं गुलामांना आणण्यांत आलें. हार्वर्ड विद्यापीठांतील नामांकित प्राणिशास्त्रज्ञ लुई अगासी यांना त्यांचीं चित्रें हवीं होतीं. मनुष्याचे निरनिराळे वंश मुळांतच वेगवेगळे निर्माण झाले, असें अगासींचें मत होतें, आणि त्याला त्यांना पुरावा पाहिजे होता. आणलेल्या लोकांत आफ्रिकेच्या कांगो प्रदेशांतून आलेले रेन्टी नांवाचे एक वयस्क गृहस्थ आणि त्यांची कन्या डेलिया हीं होतीं. बापाचीं आणि लेकीचीं वस्त्रें उतरविलीं गेलीं. मग समोरून आणि बाजूनें, एखाद्या जनावराचीं घ्यावीं तशीं चित्रें घेण्यांत आलीं. पत्रा तोच, रुप्याचा मुलामा दिलेला तांब्याचा. रसायनें तींच, भिंगहि त्याच जातीचें. छायाचित्र खोटें बोलत नाहीं असें म्हणण्याची पद्धत आहे. डग्लस आणि रेन्टी यांचीं चित्रें शेजारीं शेजारीं ठेवलीं म्हणजे त्या बोलण्यांत फारसा अर्थ उरत नाहीं. मात्र रेन्टी सरळ समोर पाहत आहेत. अगासींच्या शास्त्राला त्या नजरेचा कांहीं उपयोग नव्हता. पण ती पत्र्यावर उतरली ती उतरलीच.

गुलामगिरीच्या शत्रूंनीं पसरविलेलीं चित्रेंहि ह्या दोषापासून सर्वस्वीं मुक्त नव्हतीं. १८६३ सालीं लुइझियानांतून पळून आलेल्या एका गुलामाच्या पाठीचें छायाचित्र देशभर गेलें. पाठ नव्हे तर चाबकाच्या वळांचें जाळेंच तें. तें पाहून ज्यांचीं मनें पालटलीं त्यांची गणती करतां यावयाची नाहीं. ‘हार्पर्स वीकली’नें त्या वर्षींच्या ४ जुलैच्या अंकांत एकाच माणसाचीं म्हणून तीन चित्रें छापलीं : फाटक्या वस्त्रांनिशीं आलेला, वळ दाखविणारा आणि उत्तरेकडील फौजेच्या गणवेषांत उभा असलेला. जगाच्या स्मरणांत राहिली ती मधली पाठ. बंदूक घेऊन उभा राहिलेला शिपाई विसरला गेला. दया करावयाला पाठ पुरते. बरोबरी मान्य करावयाला चेहरा पाहावा लागतो.

यादवी युद्ध संपलें आणि १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. ह्या घटनेचा ध्वनि पुण्यापर्यंत पोंचला होता. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हें आपलें पुस्तक अमेरिकेंतील ज्या सज्जनांनीं गुलामांच्या मुक्तीसाठीं निरपेक्ष बुद्धीनें झीज सोसली त्यांना अर्पण केलें. शूद्रातिशूद्रांनाहि अशीच मुक्ति मिळावी, ही त्यामागील तळमळ. त्या वेळीं डग्लस हयात होते आणि त्यांचीं छायाचित्रें निघतच होतीं.

कायदा बदलला, नजर बदलली नाहीं. दक्षिणेंत काळ्या पुरुषांना जमावानें ठार मारण्याचे प्रकार सर्रास होऊं लागले, आणि अशा प्रसंगांचीं छायाचित्रें पुढें टपालाच्या कार्डांवर छापून विकलीं गेलीं. काळा पुरुष म्हणजे एकतर गुन्हेगार किंवा प्रेत, एवढाच त्या कार्डांचा अर्थ. अटलांटा येथील एक तरुण प्राध्यापक डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनीं १९०० सालीं पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत त्याला जें उत्तर दिलें तें पाहण्याजोगें आहे. जॉर्जिया प्रांतांतील कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांचीं साडेतीनशेंहून अधिक छायाचित्रें त्यांनीं संग्रह करून मांडलीं. दुकानदार, विद्यार्थी, पदवीधर, घरंदाज कुटुंबें. त्यांतील पुष्कळ टॉमस अस्क्यू ह्या कृष्णवर्णीय फोटोग्राफरचीं आहेत. कित्येक चेहरे समोरून आणि बाजूनें असे दोन्ही प्रकारें घेतलेले आहेत, आणि पोलिसांच्या दप्तरांतील गुन्हेगारांच्या चित्रांची हीच रीत. रीत तीच ठेवून आंत सुसंस्कृत मनुष्य बसविला म्हणजे पाहणारा गोंधळतो. कांहीं चेहरे तर इतके गोरे आहेत कीं, काळा कोणाला म्हणावयाचें, हाच प्रश्न पडावा. ड्युबॉइस यांना तोहि प्रश्न पडावयास हवाच होता.

पुढें न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत जेम्स व्हॅन डर झी यांनीं स्टुडिओ थाटला आणि उत्तरेंत नव्यानें आलेल्या काळ्या वस्तीचें सारें वैभव टिपून ठेवलें. रंगविलेले पडदे, फुलदाण्या, पियानो. गिऱ्हाईकाचा दांत वांकडा असेल तर कांचेवर तो सरळ करून द्यावयाचा, बोटांत अंगठी नसेल तर ती कोरावयाची. १९३२ सालचें त्यांचें एक जोडपें प्रसिद्ध आहे : देशभर मंदीचा कहर चालू, आणि नवराबायको दोघेंहि रॅकूनच्या कातड्याचे झुबकेदार कोट घालून चकचकीत कॅडिलॅक गाडीजवळ. हें खरें कीं खोटें, असा प्रश्न विचारणें अरसिकपणाचें होईल. ज्याला जगानें फाटक्या वस्त्रांतच पाहिलें त्याला आपला मखमली दिवस जपून ठेवण्याचा हक्क आहे.

येथें कलेच्या हत्याराविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. फिल्म ही वस्तु रसायनशास्त्रानें घडविली असली तरी तिचा तोल ठरवितांना कोणती तरी त्वचा डोळ्यांपुढें ठेवावी लागते. अमेरिकेंत ती बराच काळ गोरी होती. रंगीत छपाईचा मेळ बसविण्यासाठीं प्रयोगशाळांना एका गोऱ्या तरुणीचें चित्र असलेलें नमुन्याचें कार्ड पुरविलें जाई, आणि त्याला ‘शर्ली कार्ड’ असें नांव पडलें. तिची कांति नीट उतरली म्हणजे रंग जमले. परिणाम असा कीं, शाळेच्या गटचित्रांत गोरीं मुलें स्पष्ट दिसत आणि शेजारचा काळा मुलगा म्हणजे नुसते डोळे आणि दांत. ही उणीव दूर होण्यास मुलांच्या आईबापांच्या तक्रारींइतकीच, फर्निचरच्या आणि चॉकोलेटच्या कारखानदारांची ओरड कारणीभूत झाली, असें ह्या विषयाच्या अभ्यासकांनीं दाखवून दिलें आहे. लांकडाच्या तपकिरी छटा जाहिरातींत उतरत नव्हत्या ना! लग्नासाठीं मुलीचा फोटो काढतांना रंग दोन छटा उजळवून देणारा फोटोग्राफर ज्यांना ठाऊक आहे, त्या महाराष्ट्रीय कुटुंबांना ह्या गोष्टीचें फारसें नवल वाटूं नये.

रॉय डीकॅराव्हा यांनीं ह्यावर निराळाच उपाय योजला. काळी त्वचा उजळावयाचीच नाहीं. चित्रच काळोखांत न्यावयाचें, आणि त्या काळोखांत राखी व करड्या रंगांच्या असंख्य छटा हळुहळु दिसूं द्यावयाच्या. १९५२ सालीं त्यांना गुगेनहाइम शिष्यवृत्ति मिळाली. ती मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय फोटोग्राफर. त्यांच्या चित्रांतील बाप, वादक आणि मजूर कोणालाहि कांहीं पटवून देत नाहींत. ते थकलेले असतात, एकमेकांजवळ असतात, एवढेंच.

कॅमेरा काळ्या माणसाच्या हातीं आला म्हणजे सारें साधलें, असें मात्र समजूं नये. गॉर्डन पार्क्स यांनीं गहाणवटीच्या दुकानांतून जुना कॅमेरा घेतला आणि पुढें कॅमेऱ्याला त्यांनीं आपण निवडलेलें शस्त्र म्हटलें. ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या नोकरींत घेतलेले ते पहिले कृष्णवर्णीय फोटोग्राफर. १९४८ सालीं हार्लेममधील सतरा वर्षांच्या एका टोळीनायकाबरोबर ते कांहीं आठवडे हिंडले आणि त्यांनीं शेंकडों चित्रें घेतलीं. मारामाऱ्या होत्या, तसेंच घरकाम करणारा, आईला हातभार लावणारा मुलगाहि होता. संपादकांनीं त्यांतून वीसएक निवडलीं, आणि छापील पानांवर भीति, अंधार आणि मारहाण हींच मुख्यतः उरलीं. २०१३ सालीं न्यू ऑर्लीन्स येथील संग्रहालयांत छापलेलीं आणि न छापलेलीं चित्रें शेजारीं मांडण्यांत आलीं तेव्हां प्रेक्षकांना एकाच मुलाचे जणुं दोन मुलगे दिसले. भिंगामागें डोळा कोणाचा ह्याइतकाच, कात्री कोणाच्या हातीं, हाहि प्रश्न महत्त्वाचा आहे.

आतां मेम्फिसकडे वळावयाचें. १९६८ च्या १ फेब्रुवारीस त्या शहरीं पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या मोटारींत शिरलेले दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार आंतल्या दाबयंत्रांत चिरडून मेले. ता. १२ पासून सुमारें १,३०० कामगारांनीं संप पुकारला. त्यांच्या हातांत एकच मजकूर असलेले फलक होते : ‘मी माणूस आहें.’ त्यांत ‘आहें’ ह्या अर्थाच्या शब्दाखालीं जाड रेघ. ह्या वाक्याचें मराठी करतांना अडचण पडते, आणि ती अडचणच त्याचा अर्थ सांगते. इंग्रजी ‘मॅन’ ह्या एका शब्दांत माणूस आणि पुरुष हे दोन्ही सामावतात. दक्षिणेंतील गोरे लोक साठ वर्षांच्या काळ्या गृहस्थालाहि ‘बॉय’ म्हणून हांक मारीत. चहाच्या दुकानांत केस पिकलेल्या नोकराला ‘अरे पोऱ्या’ म्हणणारें गिऱ्हाईक ज्यांनीं ऐकलें असेल त्यांना त्या हांकेंतील डंख समजावून सांगावयास नको. फलकाचें म्हणणें दुहेरी होतें : मी जनावर नव्हें, माणूस आहें, आणि मी पोर नव्हें, कर्ता पुरुष आहें.

२८ मार्च रोजीं क्लेबर्न टेंपल ह्या प्रार्थनामंदिराबाहेर हे कामगार ओळीनें उभे असतां स्थानिक कृष्णवर्णीय फोटोग्राफर अर्नेस्ट विदर्स यांनीं चित्र घेतलें. साऱ्या चौकटीभर माणसें, टोप्या, कोट आणि त्याच त्या वाक्याचे पांढरे फलक. वेजवुडच्या मुद्रेवर एकटा मनुष्य गुडघा टेकून प्रश्न विचारीत होता. येथें पुष्कळ जण ताठ उभे राहून उत्तर देत आहेत, आणि उत्तर देण्यासाठीं त्यांनीं कोणाची परवानगी मागितलेली नाहीं. ४ एप्रिलला त्याच शहरीं मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. १६ तारखेस शहरानें कामगारांच्या संघटनेला मान्यता दिली.

ह्या चित्राची गोष्ट येथेंच संपती तर फार गोड झाली असती. विदर्स २००७ सालीं वारले, आणि २०१० सालीं मेम्फिसच्या दैनिकानें उघडकीस आणलें कीं, ज्यांचीं चित्रें ते घेत त्यांच्याच बातम्या आणि फोटो ते कित्येक वर्षें सरकारच्या गुप्त पोलिसांना पुरवीत होते. म्हणजे फलक धरून उभ्या असलेल्या पुरुषांना तो मित्र वाटत होता आणि पोलिसांना हस्तक. चित्र त्यामुळें खोटें ठरत नाहीं. तें कोणासाठीं घेतलें गेलें, ह्याचें उत्तर मात्र आतां पूर्वीसारखें सरळ देतां येत नाहीं.

ताठ उभें राहणें हीच पुरुषत्वाची एकमेव रीत काय, असा प्रश्न पुढच्या पिढीनें केला. गोरे अमेरिकन फोटोग्राफर रॉबर्ट मेपलथॉर्प यांचें काळ्या पुरुषांच्या नग्न देहांच्या चित्रांचें पुस्तक १९८६ सालीं निघालें. देह संगमरवरी पुतळ्यासारखे देखणे. पण त्यांच्या १९८० सालच्या एका गाजलेल्या चित्रांत माणसाचें मस्तकच चौकटीबाहेर राहिलें आहे. काळा चित्रकार ग्लेन लायगन यांनीं ह्या पुस्तकाचीं पानें सुटीं करून भिंतीवर लावलीं आणि मधल्या जागेंत नाना लोकांचीं त्यांवरील मतें टांगलीं. चित्राचा समास पाहणाऱ्यांच्या बोलण्यानें भरून टाकला. लंडनमध्यें रोटिमी फानी-कायोडे यांनीं शब्दाऐवजीं चित्रानेंच उत्तर दिलें. ते लागोसचे, योरुबा पुरोहितकुळांतले. १९६६ च्या धामधुमींत कुटुंबासह परागंदा झालेले, आणि समलिंगी. त्यांच्या चित्रांतील काळे पुरुष मुखवटे, फळें, पिसें घेऊन योरुबा विधींतल्यासारखे वावरतात. ते हळवे आहेत, एकमेकांना आधार देतात, आणि त्यामुळें पुरुष म्हणून उणे ठरत नाहींत. १९८९ सालीं, अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, ते वारले. मध्य आफ्रिकेंतील बांगी शहरीं सॅम्युएल फोसो यांनीं तर तेराव्या वर्षींच स्टुडिओ काढला होता. गिऱ्हाइकांचीं चित्रें काढून उरलेल्या फिल्मवर रात्रीं ते स्वतःचेंच चित्र घेत. २००८ सालीं ते स्वतःच वेष धारण करून किंग झाले, लुमुम्बा झाले, अँजेला डेव्हिसहि झाले.

रेन्टी आणि डेलिया यांचीं चित्रें हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयांत कोठें तरी पडून होतीं. १९७६ सालीं तीं माळ्यावर सांपडलीं. २०१९ सालीं रेन्टी यांची आपण वंशज आहों असें सांगणाऱ्या एका स्त्रीनें विद्यापीठावर दावा लावला. ज्यांची संमति कधीं घेतलीच नाहीं त्यांच्या चित्रावर मालकी कोणाची, असा तिचा सवाल होता. २०२२ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानें मालकीची मागणी मान्य केली नाहीं, परंतु तिला झालेल्या मनस्तापाबद्दल दावा पुढें चालवूं दिला. मे २०२५ मध्यें तडजोड झाली. हे पत्रे आतां साउथ कॅरोलायनांतच चार्ल्स्टन येथील आफ्रिकी-अमेरिकन संग्रहालयाकडे जावयाचे, असें ठरलें. तें संग्रहालय २०२३ सालीं उघडलें, आणि ज्या धक्क्यावर गुलामांचीं जहाजें लागत असत त्याच धक्क्यावर तें बांधलेलें आहे.